घर लहान, सायकल मोठी: ठेवायची कुठे?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. डोंबिवलीच्या एक ताई लिहितात, "आमचं वन बीएचके, तिसरा मजला. दोन सायकली आहेत. एक सासऱ्यांची जुनी काळी, एक मुलाची गिअरवाली. दोन्ही जिन्याच्या वळणावर असायच्या. मागच्या महिन्यात शेजारच्या आजी अंधारात पेडलला अडखळून पडल्या. थोडक्यात निभावलं. आता सोसायटीने आठ दिवसांत हलवा म्हणून सांगितलंय. भंगारवाला काळ्या सायकलला वजनावर भाव देतोय. देऊन टाकू का?"

ताई, थांबा. भंगारवाल्याला आठ दिवसांनीही बोलावता येईल.

पण पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, सोसायटीचं बरोबर आहे. जिना ही आग लागली की बाहेर पडायची वाट. धूर झाला, लाइट गेली, की लोक भिंत चाचपडत उतरतात. तिथे सायकल म्हणजे सापळाच. आपण भांडायचं ते जिन्यासाठी नाही, दुसऱ्या जागेसाठी.

आधी टेप घ्या

मोठ्या माणसाची सायकल साधारण १७५ ते १८० सेंटिमीटर लांब आणि सुमारे एक मीटर उंच असते. हँडल ६० ते ७० सेंटिमीटर रुंद. पण बाकीची सायकल किती जाड? पेडल धरूनही जेमतेम ४० सेंटिमीटर. म्हणजे जागा खातं ते मुख्यतः हँडल!

म्हणून पहिला उपाय फुकटातला. गिअरवाल्या सायकलचा हँडल-स्टेमचा बोल्ट ॲलन कीने सैल करून हँडल चाकाला समांतर फिरवता येतं. पेडलही निघतात, १५ नंबरचा पाना लागतो. लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण म्हणजे पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पेडल तसेच सुटतात. मात्र हे महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या सायकलसाठी. रोज चालवणार असाल तर नको. आणि हँडल परत बसवताना बोल्ट घट्ट झालाय ना, हे तपासल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

आडवी की उभी?

भिंतीवर टांगायच्या दोन तऱ्हा. आडवी टांगली तर भिंतीची पावणेदोन मीटर लांबी जाते, पण हँडल सरळ असेल तर सायकल खोलीत हँडलाएवढीच, म्हणजे साधारण ६० ते ७० सेंटिमीटर येते. सोफ्याच्या किंवा पलंगाच्या वर हे जमतं. उभी, म्हणजे पुढचं चाक हुकात अडकवून टांगली तर भिंतीची रुंदी हँडलाएवढीच लागते, पण सायकल जवळजवळ एक मीटर पुढे येते. म्हणजे पॅसेजमध्ये आडवी, दाराआडच्या कोपऱ्यात उभी. दोन सायकली शेजारी उभ्या टांगायच्या असतील तर एक वर, एक जरा खाली ठेवा, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत.

हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उभी टांगली तर उतरवल्यावर ब्रेकचा लिव्हर दोन-चार वेळा दाबून बघा. तेलात हवेचा बुडबुडा असेल तर तो सरकतो आणि ब्रेक मऊ लागतो. मऊच राहिला तर आधी दुकानात, मग रस्त्यावर.

भिंत कसली आहे?

इथे माझी फजिती सांगतो. मी हौसेने हुक आणला, ड्रिल केलं, साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकला, सायकल टांगली. दोन दिवस छान. तिसऱ्या रात्री धडाम! हुक, गट्टू, मूठभर भिंत आणि सायकल, सगळं खाली. नशीब, खाली कोणी झोपलेलं नव्हतं.

चूक काय झाली? नव्या इमारतींमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्याला आपण सिपोरेक्स म्हणतो. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि पांढरी-राखाडी पूड आली, की समजा तोच. लाल पूड म्हणजे वीट. वीट किंवा काँक्रीट असेल तर अँकर बोल्ट चांगला धरतो. हलक्या ब्लॉकला त्याच्यासाठीचे वेगळे लांब गट्टू मिळतात. त्याहून बरं म्हणजे आधी जाड लाकडी पट्टी चार-सहा स्क्रूंनी भिंतीला बसवायची आणि हुक त्या पट्टीत. वजन वाटलं जातं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि बाथरूमच्या भिंतीत ड्रिल नको, आत वायर नाहीतर पाइप असतो. भाड्याचं घर असेल तर भोक न पाडता जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या.

गॅलरीचं काय?

चालेल, पण ऊन टायर कडक करतं आणि पावसाळ्यात चेन आठवड्यात तांबडी होते. पूर्ण गुंडाळणारं प्लास्टिक कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. खालून हवा खेळू द्या, चेन पुसून तेल द्या. ग्रिलच्या बाहेर मात्र कधीच टांगू नका. खाली माणसं चालतात.

आता ताईंच्या दोन सायकली

मुलाची सायकल घरात. सुमारे १४ किलोची असेल, दाराआड उभी टांगा. हुक इतकाच उंच ठेवा की मागचं चाक जमिनीला जेमतेम टेकेल. मग मुलाला ती उचलावी लागत नाही, मागच्या चाकावर उभी करून अडकवायची फक्त. हे महत्त्वाचं आहे, कारण काढायला त्रास होणारी सायकल हळूहळू वापरातूनच जाते.

सासऱ्यांची काळी सायकल वीसेक किलोची. तिचे ब्रेक सळईचे असतील तर हँडल फिरवायच्या भानगडीत पडू नका, सळया हँडलला जोडलेल्या असतात. ती टांगायचीही नाही आणि तीन मजले चढवायचीही नाही. पूर्ण मडगार्ड, झाकलेली चेन असलेली ही सायकल बाहेर राहण्यासाठीच बनलेली. तिला हवं फक्त छप्पर आणि साखळी.

म्हणून कमिटीला लेखी अर्ज द्या, पार्किंगमध्ये सायकलसाठी जागा मागा. सोबत हा हिशोब जोडा. एका गाडीची जागा साधारण अडीच बाय पाच मीटर. एका सायकलला अर्धा मीटर रुंदी धरली तर तेवढ्यात आठ-दहा सायकली मावतात. एकट्याने मागू नका, बिल्डिंगमधले सगळे सायकलवाले मिळून सही करा. आणि पहिली सही त्या आजींच्या घरून घ्या. जिना मोकळा हवा, ही त्यांचीही गरज आहे.

जागा मिळाली तर काय झालं ते नक्की कळवा, ताई. नाही मिळाली तरी कळवा, पुढचा मार्ग मिळून शोधू. आणि मंडळी, तुम्ही सायकल कुठे कोंबली आहे, तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर चेनला तेल द्या!