‘हॅलो’ पोहोचला, पण किती तुकड्यांत?

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला संगणक शाखेच्या जर्नलमध्ये एक प्रॅक्टिकल हमखास असतं. टीसीपी सॉकेट वापरून दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना ‘हॅलो’ म्हणायचं, मग एक फाइल पाठवायची, मग एकाने दोन आकडे पाठवायचे आणि दुसऱ्याने बेरीज करून उत्तर परत द्यायचं. सीनियरकडून कोड येतो. एकाच संगणकावर दोन टर्मिनल उघडतात, इकडे टाइप केलेलं तिकडे उमटतं, स्क्रीनशॉट जर्नलला चिकटतो आणि सही होते. सगळा मामला चाळीस-पन्नास ओळींचा. माझी तक्रार त्या सहीबद्दल आहे. या प्रॅक्टिकलमध्ये शिकण्यासारखं जे आहे, ते एकाच संगणकावर बहुतेक वेळा दिसतच नाही.

आधी कोड काय करतो ते पाहू. सर्व्हर म्हणजे वाट पाहत बसणारा प्रोग्रॅम. तो आधी एक सॉकेट उघडतो, ‘बाइंड’ करून त्याला पोर्ट क्रमांक देतो, ‘लिसन’ म्हणून कान लावतो आणि ‘ॲक्सेप्ट’वर थांबून राहतो. क्लायंटला फक्त ‘कनेक्ट’ करायचं असतं. पोर्टचा आकडा १६ बिटांचा, म्हणून तो ६५,५३५ च्या पुढे जात नाही. युनिक्सच्या परंपरेत १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला मिळत नाहीत, म्हणून जर्नलमध्ये सगळीकडे ५००० किंवा ८०८० दिसतात. कनेक्ट होताना दोन यंत्रांमध्ये तीन पॅकेटची देवाणघेवाण होते: मला बोलायचंय, बोल आणि माझंही ऐक, ठीक. त्यानंतरच पहिला ‘हॅलो’ निघतो.

बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट ही नावं बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली. १९८३ साली आलेल्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने ती जगभर नेली. आजचा पायथॉनही तीच नावं वापरतो. त्याच वर्षी १ जानेवारीला इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारलं. मे महिन्यात जॉन पोस्टेल यांनी पान-दोन पानांच्या काही टिपणांत चिमुकले प्रोटोकॉल लिहून ठेवले. पोर्ट ७ वर ‘इको’, म्हणजे जे पाठवाल तेच परत. पोर्ट ९ वर ‘डिस्कार्ड’, म्हणजे जे पाठवाल ते फेकून देणार. पोर्ट १३ वर ‘डेटाइम’: जोडणी करा, तारीख-वेळ घ्या, निघा. हेतू नेटवर्कची चाचणी घेण्याचा होता. आज विद्यार्थी जे गिरवतात, तो पोस्टेल यांचा इकोच आहे.

आता फाइल पाठवण्याकडे येऊ. बहुतेक जर्नलमधला क्लायंट ‘रिसीव्ह’ला १०२४ बाइट मागतो, आलेलं फाइलमध्ये लिहितो आणि संपलं म्हणतो. चार ओळींची टेक्स्ट फाइल व्यवस्थित जाते. मोबाइलवर काढलेला तीन-चार एमबीचा फोटो पाठवला, तर पोहोचते ती उघडतही नाही अशी एक किलोबाइटची चिंधी. मग कोणीतरी १०२४ चा आकडा वाढवून एक कोटी करतो. स्वतःच्या लॅपटॉपवर ते कधी चालतं, कधी नाही. शेजारच्या लॅपटॉपवरून तर जवळजवळ कधीच नाही.

याचं कारण टीसीपीच्या स्वभावात आहे. टीसीपी ‘निरोप’ नावाची गोष्ट ओळखतच नाही. ते बाइटचा सलग प्रवाह वाहून नेतं. क्रम चुकणार नाही, मधलं काही गळणार नाही, एवढीच त्याची हमी. नळीत या टोकाने दोन तांबे पाणी ओतलं, तर त्या टोकाला ‘हा पहिला तांब्या, हा दुसरा’ असं सांगता येत नाही. तसंच दोनदा ‘सेंड’ केलेलं एकदाच ‘रिसीव्ह’मध्ये येऊ शकतं आणि एकदा पाठवलेलं पाच हप्त्यांत. ‘रिसीव्ह’ला दिलेला आकडा म्हणजे ‘जास्तीत जास्त एवढे’. तितके येईपर्यंत थांबण्याचं वचन त्यात नसतं.

एकाच संगणकावर हे लपतं कसं? १२७.०.०.१ या पत्त्यावर पाठवलेलं पॅकेट यंत्राबाहेर जातच नाही. लिनक्सवर या अंतर्गत वाटेने एका पॅकेटमध्ये ६५,५३६ बाइटपर्यंत मावतात. खऱ्या इथरनेटची मर्यादा साधारण १५०० ची. त्यातून पत्ते आणि हिशेबाचे मथळे वजा केले, की आपल्या मजकुराला फार तर १४६० उरतात. यंत्राच्या अंतर्गत वाटेवर छोटा निरोप सहसा अखंड पोहोचतो आणि विद्यार्थ्याचा समज पक्का होतो, की एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दोन लॅपटॉप जोडून तोच कोड चालवायचा, एवढं जरी केलं तरी हा समज ढळतो. लिनक्सवर तर एका आज्ञेत कृत्रिम विलंब आणि गळती आणता येते, दुसऱ्या लॅपटॉपचीही गरज नाही.

यापेक्षा सोपा उपाय मराठी माणसाच्या हाताशी आहे: देवनागरीत पाठवा. ‘नमस्कार’ ही डोळ्याला चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तारेवरून जातात २१ बाइट. पायथॉनमध्ये या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं ७. विद्यार्थी विश्वासाने ‘७ बाइट येतायत’ असं आधी कळवतो. पलीकडचा सात बाइट वाचतो: न, म आणि स चा एक तृतीयांश. पायथॉन तिथेच त्रुटी दाखवून थांबतो. इतर ठिकाणी प्रश्नचिन्ह असलेली काळी चौकट उमटते. १०२४ बाइटच्या तुकड्यांचंही तेच. ३४१ चिन्हांचे १०२३ होतात, उरलेल्या एका बाइटात पुढच्या चिन्हाचं डोकं तुटून येतं. ओळीत मोकळ्या जागा असल्या की तोडीची जागा सरकते, म्हणून चूक कधी होते, कधी होत नाही. इंग्रजी ‘हॅलो’त प्रत्येक अक्षर एका बाइटाचं, त्यामुळे कुठेही तोडलं तरी अक्षर शाबूत. या प्रॅक्टिकलमध्ये इंग्रजी मजकुराला बंदीच घालावी, असं मला गमतीत नव्हे, खरोखर वाटतं.

मग निरोप कुठे संपला हे कळायचं कसं? इलाज मोजकेच आहेत आणि मोठमोठ्या प्रोटोकॉलांनीही तेच वापरले आहेत. डेटाइमसारखं बोलून झालं की जोडणीच बंद करायची. वेबचा अगदी पहिला प्रोटोकॉल असाच होता. नाहीतर शेवटाची खूण ठरवायची. ई-मेल पाठवताना एका ओळीत नुसता पूर्णविराम आला की पत्र संपलं. पण पत्रातच कोणी नुसता पूर्णविराम लिहिला तर? त्यासाठी पूर्णविरामाने सुरू होणाऱ्या ओळीला पाठवताना एक जादा पूर्णविराम लावतात आणि पलीकडे तो काढून टाकतात. तिसरी रीत म्हणजे आधी लांबी सांगायची. आजची वेब पानं अनेकदा किती बाइटचा मजकूर येतोय हे मथळ्यातच सांगतात. फाइल पाठवण्याच्या प्रॅक्टिकलला ही तिसरी रीत चपखल बसते. फक्त लांबी बाइटांत मोजायची आणि तेवढे पूर्ण होईपर्यंत ‘रिसीव्ह’ फिरवत राहायचं.

बेरीज करणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये वेगळीच फजिती दडलेली असते. ५ हा आकडा चार बाइटांत पाठवायचा, तर मोठ्या स्थानाचा बाइट आधी की लहान स्थानाचा? इंटेलची यंत्रं लहान बाजू आधी ठेवतात, नेटवर्कचा संकेत मोठी बाजू आधी असा आहे. दोन्ही प्रोग्रॅम सी मध्ये आणि एकाच लॅपटॉपवर असतील, तर रूपांतर विसरलं तरी दोघेही सारखेच चुकतात आणि बेरीज बरोबर येते. एकाने सी मध्ये क्लायंट लिहिला आणि जोडीदाराने जावात सर्व्हर, की पाठवलेल्या ५ चे तिकडे ८,३८,८६,०८० होतात, कारण जावा असे आकडे मोठी बाजू आधी धरूनच वाचतं. डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी यावर एक टिपण लिहिलं. अंडं कोणत्या टोकाने फोडायचं यावरून गलिव्हरच्या गोष्टीत लढाया होतात, तिथून त्यांनी दोन्ही पक्षांना नावं दिली. तारीख पाहता विनोद अपेक्षित होता. नावं मात्र पाठ्यपुस्तकांत कायमची बसली.

दुसरा क्लायंट जोडून पाहणारे थोडेच. पहिल्याशी बोलणं चालू असताना दुसरा कनेक्ट होतो, पण त्याला उत्तरच येत नाही. जोडणी ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर करून रांगेत ठेवलेली असते, आपला प्रोग्रॅम तिच्याकडे वळलेलाच नसतो. जर्नलच्या कोडात ‘लिसन’ला दिलेला ५ हा आकडा त्या रांगेचा. ४.२बीएसडीत रांगेची कमाल तेवढीच होती, म्हणून जुन्या पुस्तकांतून तो आजवर उतरत आला आहे. व्हायव्हात विचारायला बरा प्रश्न.

सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ हा संदेश येतो, तो मात्र सगळ्यांना भेटतो. विद्यार्थी ५००० चा ५००१ करतात, मग ५००२. ज्या बाजूने जोडणी आधी तोडली, त्या बाजूला तिची आठवण काही काळ ठेवावी लागते. जुन्या संभाषणातलं एखादं भरकटलेलं पॅकेट उशिरा पोहोचून नव्या संभाषणात घुसू नये, यासाठी ही खबरदारी. १९८१ च्या टीसीपीच्या मूळ दस्तऐवजाने पॅकेटचं कमाल आयुष्य दोन मिनिटं धरलं आणि त्याच्या दुप्पट थांबायला सांगितलं. लिनक्स साठ सेकंदांत मोकळं होतं. पोर्ट पुन्हा वापरू देणारा पर्याय सॉकेटला एका ओळीत सांगता येतो. तो बाइंडच्या आधी लिहायचा.

पोस्टेल यांच्या इकोचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. त्याचा एक भाऊबंद पोर्ट १९ वर अक्षरांची बरसात करायचा. या सेवा टीसीपीप्रमाणेच यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवरही चालायच्या. यूडीपीमध्ये तीन पॅकेटची ओळखपरेड नसते, त्यामुळे पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. कोणीतरी खोट्या पत्त्याचं एकच पॅकेट टाकून एका यंत्राचा इको दुसऱ्याच्या अक्षरवर्षावाशी जुंपून द्यायचा. मग दोन्ही यंत्रं एकमेकांना उत्तरं देत बसायची. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने याबद्दल इशारा दिला आणि या सेवा बंद ठेवण्याची रीत पडली.

त्याच जातीचं भोक आजच्या जर्नलमध्येही आहे. पायथॉनमधले कित्येक कॅल्क्युलेटर क्लायंटकडून ‘२+३’ अशी ओळ घेतात आणि ती जशीच्या तशी ‘इव्हॅल’ला देतात. इव्हॅल बेरीज करतो, तसाच पायथॉनची इतर एक्स्प्रेशन्सही चालवतो, फाइल पुसणारीसुद्धा. असा सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर, बांधून कॉलेजच्या वायफायवर सुरू ठेवला, तर त्याच वायफायवरून पोहोचू शकणारा कोणीही बेरजेच्या जागी त्याला हवी ती आज्ञा पाठवू शकतो. त्याऐवजी ओळीचे दोन आकडे आणि एक चिन्ह असे तुकडे करून प्रत्येक चिन्हासाठी एक अट लिहायला दहा-बारा ओळी जास्त लागतात.