कापलेली तार वाढत नाही

हौशी रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यासाठी डायपोल अँटेना बांधायची होती. पुण्यातली तीन मजली इमारत, गच्चीवर दोन पाण्याच्या टाक्या, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि मार्चचं ऊन. हिशेब मी वहीत करून आणला होता. ७.१ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर, तिच्या निम्मे २१, तारेच्या टोकांचा परिणाम धरून त्यातले पाच टक्के वजा. उरले २० मीटर, म्हणजे मधल्या इन्सुलेटरच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. टेप लावून मी बरोबर दहावर पक्कड ठेवली आणि काकांनी माझं मनगट धरलं.

"साडेदहावर काप. शिंप्याकडे कधी गेला नाहीस का? कापलेली तार वाढत नाही रे."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. एका हॅमने म्हणे तार तीनदा कापली आणि तरी ती तोकडीच पडते म्हणून तो तारवाल्याशी भांडायला गेला. ही गोष्ट मी नंतर निदान दहा जणांकडून ऐकली, आणि प्रत्येकाने ती आपल्याच मित्राची म्हणून सांगितली. पण त्या दिवशी ती कामाला आली. साडेदहा-साडेदहाची तार वर चढवली, तर छोट्या ॲनालायझरवर तिचा सूर ६.८ च्या आसपास लागला. तार लांब ठेवली की सूर खालीच लागणार, पण ती तशी ठेवावी लागते, कारण वहीतलं गणित मोकळ्या आकाशातल्या तारेचं होतं. स्लॅबमधल्या सळ्या, टाक्या आणि गच्चीपासूनची उंची यांतलं काहीच त्या गणिताला ठाऊक नव्हतं. तार खाली घ्यायची, दोन्ही टोकांकडून वीतभर कमी करायची, पुन्हा वर चढवायची. तेही कापून नाही, काका म्हणाले, "दुमड आणि तिलाच गुंडाळून टाक. परत लागली तर?" दोन खेपांत सूर ७.१ वर आला आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे संच आणि अँटेना किती जुळले त्याचं माप, दीडच्या खाली उतरला. गच्चीवर सुताच्या टोकासारखी दुमडलेली ती तारेची टोकं अजून तशीच आहेत.

हौशी रेडिओच्या जगात विद्या जाते ती बहुतेक अशीच, थट्टेत गुंडाळून. पुस्तकं आहेत आणि चांगली आहेत. पण थट्टेतून दिलेला सल्ला विसरता येत नाही, म्हणून ही मंडळी शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांची टर उडवत एकमेकांना शिकवत आली आहेत.

ज्यांचा या छंदाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओचालक. भारतात त्याचं संबोधन 'व्हीयू'ने सुरू होतं. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही यावं लागतं. या परवान्यात एक गोष्ट फार मोलाची आहे, ती म्हणजे काय बोलायचं नाही याची यादी. हवेवर राजकारण नाही, धर्म नाही, धंदा नाही, गाणी वाजवणं नाही. मग दोन अनोळखी माणसांनी बोलायचं काय? हवामान, आपापले संच, आपापल्या अँटेना आणि एकमेकांची खेचाखेची. ज्या विषयांवरून माणसं तुटतात ते सगळे आधीच बाहेर ठेवलेले असल्यामुळे सांगलीचा शेतकरी, कोचीनचा दंतवैद्य आणि इंदूरचा निवृत्त पोस्टमास्तर सकाळच्या नेटवर, म्हणजे हवेवरच्या ठरलेल्या बैठकीत, अर्धा तास केवळ एका गंजलेल्या कनेक्टरवर बोलू शकतात. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

ही परंपरा ज्याने रुजवली तो माणूस तोफा-बंदुकांच्या घराण्यातला होता. हायरम पर्सी मॅक्सिम. वडिलांनी मॅक्सिम गन बनवली, मुलाने बंदुकीचा सायलेन्सर. १९१४ च्या एप्रिलात या धाकट्या मॅक्सिमला अमेरिकेतल्या हार्टफर्डहून तीसेक मैलांवरच्या स्प्रिंगफील्डला निरोप द्यायचा होता. तिथल्या एका हौशीकडे विकाऊ व्हॉल्व्ह होता, तो घ्यायचा होता. त्याचं एक किलोवॅटचं केंद्र असूनही निरोप पोचेना. मग वाटेत विंडसर लॉक्सला असलेल्या एका हौशीने तो उचलून पुढे दिला. असे टप्पे जोडत गेलं तर निरोप देशभर जाईल हे मॅक्सिमच्या ध्यानात आलं, आणि त्यातून त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी राहिली. पुढच्या वर्षी डिसेंबरात तिचं 'क्यूएसटी' हे मासिक निघालं.

त्या मासिकात 'द ओल्ड मॅन' या नावाने एक चिडका म्हातारा लिहायचा. हवेवर गोंधळ किती, सिग्नल किती घाणेरडे, नवशिके कसे एकमेकांच्या अंगावर बोलतात यावर तो तणतणायचा. त्याच्या लेखात एका हत्याराचा उल्लेख आला: वाउफ हाँग. ते काय असतं, कसं वापरायचं, कुणालाच कळेना, आणि म्हातारा काही सांगेना. १९१९ मध्ये त्याने चक्क एक नमुना लीगकडे पाठवून दिला. तारेने एकमेकांना बांधलेले लाकडाचे दोन ओबडधोबड तुकडे. बेशिस्त चालकांना वठणीवर आणायचं हे हत्यार लीगने इतक्या गंभीरपणे स्वीकारलं की ते आजही न्यूइंग्टनच्या मुख्यालयात जपून ठेवलेलं आहे. त्याला एक भावंडही होतं, रेटिस्निच. हवेवरची सभ्यता राखणं हे त्याचं काम. हा म्हातारा म्हणजे लीगचा अध्यक्ष मॅक्सिम स्वतःच, हे वाचकांना कळलं ते १९३६ मध्ये तो गेल्यावर.

विचार केला तर हे मोठं काम आहे. हवेवर पोलीस नसतो. एक जण बोलत असताना दुसऱ्याने बटण दाबू नये, आधी ऐकावं, मग विचारावं आणि मगच बोलावं, ही शिस्त दंडाच्या भीतीने लागली नसती. मॅक्सिमने तिला दोन लाकडाच्या तुकड्यांचं रूप दिलं आणि हसता हसता ती लागली.

'ओल्ड मॅन' हे नाव मात्र सगळ्यांनाच लागू होतं. हवेवर प्रत्येक पुरुष 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन. परवाना कालच मिळालेला तेरा वर्षांचा मुलगाही ओएमच. बायकोला 'एक्सवायएल' म्हणतात, म्हणजे एकेकाळची तरुणी, आणि मुलांना हार्मोनिक. हा शेवटचा शब्द मला विशेष आवडतो, कारण त्यात अख्खा धडा आहे. ७ मेगाहर्ट्झवर बोललं की १४ वर आणि २१ वर त्याची पिल्लं उमटतात. ती दाबली नाहीत तर दुसऱ्याच्या पट्ट्यात जाऊन दंगा करतात. म्हणून ट्रान्समीटरच्या शेवटी लो-पास फिल्टर हवाच. काका हे शिकवताना एवढंच म्हणायचे, "घरच्या हार्मोनिकना फिल्टर लागत नाही, निदान संचाला तरी लाव." जुन्या पिढीतले बिअरच्या बाटलीला '८०७' म्हणतात, युद्धकाळातल्या ट्रान्समीटरमधला त्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह बाटलीसारखा दिसायचा म्हणून. निरोप घेताना ७३ म्हणायचं, म्हणजे शुभेच्छा. कुणी 'सेव्हंटी थ्रीज' म्हणालं की एखादा ज्येष्ठ लगेच टोकतो: शुभेच्छा आधीच भरपूर आहेत, आणखी अनेकवचन कशाला? आणि 'फाइव्ह नाइन' हा तर आवाज अगदी स्वच्छ पोचल्याचा शेरा. तो सढळ हाताने वाटला जातो, आणि पाठोपाठ ऐकू येतं, "तुम्ही फाइव्ह नाइन, ओएम! नाव तेवढं पुन्हा सांगा, तीनदा सांगा." या थट्टेतला इशारा असा की खोटा शेरा दिला तर समोरच्याला आपल्या अँटेनाचं खरं कळणार कधी?

काही बाबतींत मात्र थट्टेच्या खाली भीती असते, आणि ती असायलाच हवी. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये सहाशे-सातशे व्होल्ट सहज असतात, मोठ्या ॲम्प्लिफायरमध्ये हजारोंनी. संच बंद केला तरी कपॅसिटर ती वीज धरून बसतात. म्हणून नियम: चालू संचात हात घालताना एक हात पँटच्या खिशात. दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते आणि वाटेत हृदय लागतं. दुसरा नियम बंद केलेल्या संचासाठी, काठीचा. टोकाला धातूचा आकडा असलेली कोरडी काठी, आकड्यापासून अर्थिंगला गेलेली जाड तार. आत हात घालण्याआधी त्या आकड्याने प्रत्येक कपॅसिटर टेकवून रिता करायचा. इंग्रजीत या काठीला 'चिकन स्टिक' म्हणतात, भित्र्याची काठी. काकांच्या टेबलाशेजारी ती कायम टांगलेली असायची. ते म्हणायचे, "आमच्यात म्हातारे झालेले सगळे भित्रेच." हे वाक्य ऐकल्यापासून मी काठी न टेकवता एकदाही झाकण उघडलेलं नाही.

ट्रान्झिस्टरच्या काळात जिवाची भीती कमी झाली, खर्चाची वाढली. जगभरचे हॅम गंभीर चेहऱ्याने सांगतात की प्रत्येक चिप तिच्या आतल्या धुरावर चालते; धूर बाहेर पडला की चिप बंद, आणि तो परत भरता येत नाही. यातून निघणारा सल्ला आपल्याकडच्या कुठल्याही वायरमनला ठाऊक आहे: नवीन संच पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लाव. सर्किटमध्ये कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, धूर आतच राहील.

शेजाऱ्यांचं प्रकरण वेगळंच. अँटेना उभी राहिली की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी टीव्ही बिघडतो. जुने लोक यावर एक उपाय सांगतात: अँटेना चढवा आणि आठवडाभर संच चालूच करू नका. तक्रार आलीच तर शांतपणे घरात बोलवा, चहा द्या आणि अजून न जोडलेली केबल दाखवा. पण याच लोकांनी मला हेही शिकवलं की त्यानंतर येणारी तक्रार खरी असू शकते. त्यांच्या केबलला फेराइटचा मणी लावून द्यायची तयारी ठेव.

याच ४० मीटरच्या पट्ट्याला मुंबईचा एक जुना संदर्भ आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होता. आजच्या भाषेत सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. युद्धामुळे हौशी परवाने तेव्हा बंद होते. आज डायलवरच्या त्याच जागेवर सकाळी कनेक्टरची चर्चा चालते. आणि वेळ आली की हीच मंडळी थट्टा बाजूला ठेवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाल्यावर हॅम संच घेऊन तिकडे पोचले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचं पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं ते केवळ जगभरच्या हॅमना अंदमानचा दुर्मिळ संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच केंद्र बेटांचा निरोप मुख्य भूमीला पोचवू लागलं. अशा वेळी लागतं काय? मोटारीची बॅटरी, दोन झाडं आणि थोडी जास्तच ठेवलेली तार.

शेवटी वायसरची गोष्ट सांगायलाच हवी. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी या शतकाच्या सुरुवातीला 'बिटएक्स' नावाचा एक संच आखला: १४ मेगाहर्ट्झवर सहाएक वॅट, आणि सुटे भाग असे की आपल्या बाजारात मिळावेत. कॉइल गुंडाळायला लागणारी परदेशी टोरॉइडची कडी इथे मिळेना, म्हणून त्यांनी नळाचे नायलॉनचे वायसर सुचवले. चुंबकीय गुण नसल्यामुळे वेढे जास्त घ्यावे लागतात, बाकी काम चोख. तो आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला आणि देशोदेशीच्या लोकांनी आपल्या टेबलावर तो संच बांधला.

आम्हीही बांधायचा ठरवला. काका आणि मी पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि दोन डझन वायसर मागितले. काका एकेक वायसर चष्म्यासमोर धरून कड गुळगुळीत आहे का ते पाहत होते, बोटाने चाचपत होते, नापसंत बाजूला ठेवत होते. बराच वेळ पाहून दुकानदाराने विचारलं, "काका, घरात नळ तरी किती आहेत?"

"एकच," काका म्हणाले. "चौदा मेगाहर्ट्झचा."