आगोटीच्या दिवसांत खडकावरची वीण

मे महिना सरत आला की कोकणातल्या बंदरांत एकच घाई उडते. नौका वर ओढायच्या, जाळी सुकवून घरात न्यायची, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माणूस समुद्राकडे पाठ फिरवतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटरच्या आसपास, उघड्या खडकांवर सुरय पक्ष्यांची वीण ऐन भरात आलेली असते. महाराष्ट्राच्या समुद्रातली पक्ष्यांची ही सर्वांत मोलाची वसाहत फार थोड्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

नकाशावर तिचे नाव वेंगुर्ला रॉक्स. लहानमोठ्या खडकांचा हा पुंजका. एकावर दीपगृह आहे, दुसऱ्या एका खडकाला बर्न्ट आयलंड म्हणतात. काही खडक तर भरतीच्या वेळी लाटांत दिसेनासे होतात. नाव घेण्यासारखे झाड नाही, गोडे पाणी नाही. खडकांचे माथे पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे पडलेले. माणसाला इथे राहण्यासारखे काहीच नाही आणि पक्ष्यांना इथे राहावेसे वाटते ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

समुद्रपक्षी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुरव येतात. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे हिवाळ्यात जे पांढरे-राखाडी थवे लागतात ते कुरव. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यात मोरजीला ते शेकड्यांनी बसलेले दिसतात. पण हे पाहुणे. ऑक्टोबरच्या सुमारास येतात, एप्रिलपर्यंत निघून जातात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव वीण करतो ती लडाख आणि तिबेटच्या पठारावरच्या तळ्यांकाठी, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच. जुहूच्या लाटांवर तरंगणारा पक्षी जन्माने डोंगरी असावा, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे. मात्र बोटीवरून त्याला शेव-गाठ्या टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती त्याच्या भल्याची नाही. दूरच्या प्रवासासाठी त्याला मासे आणि किडे खाऊन चरबी साठवायची असते, तळलेले बेसन खाऊन नव्हे.

सुरय, म्हणजे इंग्रजीतला टर्न, कुरवाच्याच कुळातला, पण बांधा वेगळा. अंग सडपातळ, पंख लांब आणि टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली. कुरव मिळेल ते खातो. सुरय मुख्यतः ताजा मासा खातो आणि तो बहुतेक वेळा हवेतून सूर मारून पकडतो. वेंगुर्ल्याच्या खडकांवर वीण करणाऱ्यांत ब्रायडल्ड टर्न आहे. त्याची पाठ गडद करडी-तपकिरी असते आणि कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्यामागेपर्यंत जाते. पिवळ्या चोचीचा, डोक्यावर काळा विस्कटलेला तुरा मिरवणारा मोठा तुरेवाला सुरय आहे. रोझिएट टर्न आणि व्हाइट-चीक्ड टर्न यांच्याही विणीच्या नोंदी इथून झालेल्या आहेत. चौघे एकाच खडकांच्या आश्रयाला येत असले तरी जागेची निवड वेगवेगळी. ब्रायडल्ड टर्न आपले एकुलते एक अंडे कपारीत, दगडाच्या आडोशाला घालतो. तुरेवाला सुरय आडोसा शोधत नाही. उघड्या माथ्यावर शेकडो जोड्या इतक्या दाटीने बसतात की शेजाऱ्याला बसल्या जागेवरून चोच मारता येते. घरटे म्हणावे असे काही नसते, खडकावर नुसते अंडे. या गर्दीत आपले अंडे ओळखायचे कसे? प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि त्यावरच्या रेघा-ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. त्यावरून जोडपे आपले अंडे हुडकून काढते. पिल्ले अंड्यांतून बाहेर आल्यावर काही दिवसांतच ती घोळक्याने फिरू लागतात आणि समुद्रावरून मासा घेऊन परतलेला पक्षी त्या कलकलाटातून आपल्या पिल्लाचा आवाज बरोबर ओळखतो.

एका हंगामाला बहुधा एकच अंडे, हा या पक्ष्यांच्या जगण्याचा पाया आहे. कोंबडीसारखी भरपूर पिल्ले काढून त्यांतली काही जगवायची, ही त्यांची रीत नाही. ते उशिरा वयात येतात, वर्षानुवर्षे जगतात आणि आयुष्यभरात थोडीच पिल्ले वाढवतात. सुरयांच्याच गोतातला सूटी टर्न तीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद पायात कडी घातलेल्या पक्ष्यांवरून झाली आहे. एखादा हंगाम वादळाने बुडाला तरी हे गणित सावरते. पण जाणते पक्षीच मारले गेले किंवा दरवर्षी अंडी उचलली गेली, तर वसाहत बघता बघता खचते आणि सावरायला दशके लागतात.

म्हणूनच त्यांना बेट लागते. मुख्य किनाऱ्यावर कोल्हा आहे, मुंगूस आहे, साप आहे, भटकी कुत्री आहेत. उघड्यावर अंडे घालणाऱ्या पक्ष्याचा तिथे निभाव लागणार नाही. पंधरा किलोमीटर खारे पाणी हीच त्यांची तटबंदी. ती भेदली जाते ती बहुतेक वेळा माणसाच्या बोटीतून. जगभरात जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी आणि मांजरांनी किती तरी बेटांवरच्या वसाहती संपवल्या आहेत. ज्या समुद्रपक्ष्यांच्या संख्येच्या दीर्घ नोंदी उपलब्ध होत्या त्यांचा एकत्र अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५० ते २०१० या साठ वर्षांत त्यांची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटली आहे.

गोड्या पाण्याशिवाय या पक्ष्यांचे भागते कसे, याचे उत्तर त्यांच्या कपाळात आहे. डोळ्यांच्या वर, कवटीलगत, मीठ गाळणाऱ्या ग्रंथींची जोडी असते. समुद्राचे पाणी आणि मासे यांतून रक्तात गेलेले जादा मीठ या ग्रंथी वेगळे काढतात. नाकपुड्यांतून येणारा तो दाट खारट थेंब चोचीच्या टोकावरून गळतो. मान झटकून थेंब उडवणारा सुरय दुर्बिणीतून नीट दिसतो. पाहणाऱ्याला ती नुसती सवय वाटते, पण त्या झटक्यावर पक्ष्याचे जगणे अवलंबून असते.

कोळी आणि गाबीत मच्छीमारांना हे पक्षी पुस्तकी पक्षिनिरीक्षकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहेत. समुद्रात एके ठिकाणी सुरय घिरट्या घालून सूर मारू लागले की खाली मासळीचा थवा आहे हे ते जाणतात. त्यामागचे कारण असे : कुपा, गेदर यांसारखे मोठे मासे खालून हल्ला करतात, तेव्हा लहान मासे जीव वाचवायला पृष्ठभागाकडे धावतात आणि वर सुरय टपलेलेच असतात. म्हणजे सुरयाचे पोट काही प्रमाणात मोठ्या माशांवर अवलंबून आहे. समुद्रातून मोठे मासे उपसले गेले, तर त्याचा चटका खडकावरच्या पिल्लापर्यंत पोहोचू शकतो.

या खडकांचा अभ्यास जुना आहे, पण तुटक. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५च्या प्रारंभी जहाजातून पश्चिम किनारा आणि लक्षद्वीप पाहत निघाले, तेव्हा ते इथे आले होते. पण ते दिवस थंडीचे, सुरयांच्या विणीचे नव्हेत. विणीची पद्धतशीर पाहणी झाली ती १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला. ती केली हुमायून अब्दुलअली यांनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे कार्यकर्ते पुढे मुंबई राज्याच्या १९५१च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामागचे एक प्रमुख हात ठरले. सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी वेंगुर्ल्याच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलेले लेख आजही पायाभूत मानले जातात. त्यानंतर अभ्यासक गेले, नोंदी झाल्या, पण वर्षामागून वर्षे सलग चालणाऱ्या मोजणीची जागा अशा तुरळक भेटी घेऊ शकत नाहीत. अडचण उघड आहे. पक्षी अंड्यांवर बसतात तेव्हा समुद्र बोटीला वाट देत नाही.

पाकोळीची कथा मात्र वेगळी आणि जास्त दुखरी आहे. बर्न्ट आयलंडवरच्या अंधाऱ्या गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. हा पक्षी सुरयासारखा मासे खात नाही, हवेतले किडे टिपतो. राहतो मात्र समुद्रातल्या कड्यात. गुहेत डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून तो टक् टक् असे आवाज काढतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो. वटवाघळांचे तसले आवाज बहुधा आपल्याला ऐकू येत नाहीत, पाकोळीचे येतात. नर आणि मादी आपल्या लाळेत पिसे आणि गवताचे तंतू मिसळून भिंतीला वाटीसारखे घरटे चिकटवतात. त्यात दोन पांढरी अंडी.

ही लाळ वाळून घट्ट होते आणि तिचे सूप पूर्व आशियात चढ्या भावाने विकले जाते. तो बाजार वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचला होता. २००१च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इथल्या घरट्यांची तस्करी उजेडात आणली. घरटे ओरबाडले की आतली अंडी-पिल्ले जातातच. शिवाय जोडीला पुन्हा लाळ गाळून नवे घरटे बांधावे लागते. त्यात ताकद आणि हंगाम दोन्ही संपतात. अंदमानात पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनी अशाच पाकोळ्यांसाठी वेगळी वाट चोखाळली होती. एकेकाळी घरटी काढणाऱ्यांनाच त्यांनी गुहांचे राखणदार केले. कुठल्या गुहेत कधी काय चालते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? वेंगुर्ल्याच्या बंदरातही समुद्र ओळखणारे हात कमी नाहीत. विणीच्या हंगामात त्यांना पगारी राखणदार नेमणे हा उपाय खर्चिक नाही आणि परका तर मुळीच नाही.

एका पाहणीतून दुसरे काम कसे उभे राहते, याचे उदाहरणही सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचेच. समुद्र गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालताना २००२ मध्ये त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांच्या खुणा सापडल्या. वेळासच्या ऑलिव्ह रिडले कासवांचे आज सर्वांना ठाऊक असलेले काम तिथून सुरू झाले. समुद्र गरुड स्वतः मात्र दुर्लक्षितच राहिला. किनाऱ्यालगतच्या उंच सुरूवर किंवा आंब्यावर काटक्यांचे भले मोठे घरटे बांधून तो वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरतो. असे एक झाड तोडले की एका जोडीचे पिढ्यांचे घर जाते.

ज्यांना खडकांपर्यंत जायचे नाही त्यांच्यासाठी पावसाळा हाच समुद्रपक्षी पाहण्याचा काळ आहे. जून ते ऑगस्टमधल्या पश्चिमेच्या वाऱ्यांत खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याजवळ ढकलले जातात. अंटार्क्टिकाच्या बाजूला जन्मलेला, चिमणीपेक्षा थोडाच मोठा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तिथला हिवाळा टाळायला अरबी समुद्रात येतो. पाण्यावर पाय आपटत तो सूक्ष्म जीव टिपतो आणि खाद्याचा माग वासावरून काढतो. प्लवकांवर चराई चालू असलेल्या पाण्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, त्याचा वास या गोतातल्या पक्ष्यांना दुरून येतो. ओमानच्या हलानियात बेटांवर वीण करणारा मास्क्ड बूबी कधी थकून मुंबई-कोकणच्या वाळूवर आदळतो. सूटी टर्न, नॉडी, शिअरवॉटर हेही असेच सापडतात. हरिहरेश्वर, रत्नागिरी, विजयदुर्ग, रेडी अशा समुद्रात घुसलेल्या टेकाडांवर सुरक्षित जागी दुर्बीण घेऊन उभे राहिले, तर ढगाळ सकाळी क्षितिजालगत काळे ठिपके सरकताना दिसतात. धीर लागतो, कारण तासभर काहीच न दिसणे हे इथे नेहमीचे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. ते २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्याचे आहे. वेंगुर्ल्याचे खडक त्यात येत नाहीत. देशातल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत त्यांचे नाव आहे, पण यादीतले नाव म्हणजे कायद्याचे कवच नव्हे. लक्षद्वीपमधल्या पिट्टी या इवल्याशा वाळूच्या बेटाला सुरयांच्या वसाहतीसाठी पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. वेंगुर्ल्याला तो मिळायला हवा, हे ठामपणे म्हणायची वेळ आली आहे. सिंधुदुर्गात पर्यटन वाढते आहे. डॉल्फिन दाखवणारी बोट उद्या ‘पक्षी बेटा’च्या सहली काढेल. भर उन्हात एक माणूस वसाहतीत उतरला तरी सगळे सुरय उठतात. तापलेल्या खडकावरचे उघडे अंडे मग थोड्या वेळात आतून शिजते, आणि कावळा किंवा घार वर असली तर तेवढाही वेळ मिळत नाही.

तेव्हा वाचकांकडे मागणे असे : पाकोळ्यांची वीण सुरू होते त्या फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत या खडकांवर पाय ठेवू नका, बोटवाल्यालाही तसा आग्रह करू नका. बोटीतून, लांबून, दुर्बिणीने पाहा. पावसात किनाऱ्यावर गळालेला समुद्रपक्षी दिसला तर त्याला पुन्हा लाटांत ढकलू नका, चोचीत पाणी ओतू नका. अलीकडे बर्ड फ्लूने जगभर समुद्रपक्षी मेले आहेत, म्हणून उघड्या हाताने स्पर्श टाळा. कापडाने धरून, भोके पाडलेल्या खोक्यात, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवा, फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेला पक्षी असला तरी नोंद करा. खवळलेल्या समुद्रात आपल्या किनाऱ्याजवळ कोण उडत होते, याचा पुरावा अनेकदा तेवढाच असतो.