कौतुकाची उचल

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी मुलाकडे होतो. निवृत्त माणसाला परदेशात दोनच कामे असतात. नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचवणे आणि भेटेल त्याच्याशी गप्पा मारणे. सकाळी फिरायला निघालो की कोपऱ्यावरच्या घरातले एक वृद्ध गृहस्थ हिरवळीला पाणी घालताना भेटत. पहिल्या दिवशी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, दुसऱ्या दिवशी गुडघेदुखीच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "आमच्या नव्या मुलाबद्दल कानावर आलं का?" मला वाटले, नातू झाला असावा. मी अभिनंदनासाठी हात पुढे केला. गृहस्थ खो खो हसले. नवा मुलगा म्हणजे जेरेमाया स्मिथ, वय वर्षे अठरा, ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघात नुकताच आलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी.

त्यानंतर तो मला जिथे तिथे भेटू लागला. किराणा दुकानात गल्ल्यावरची बाई त्याच्याविषयी बोलत होती. केशकर्तनालयात दोन म्हातारे त्याच्यावरून वाद घालत होते. शेजारच्या पोराच्या पाठीवर त्याचा ४ हा आकडा होता. गंमत अशी, की ह्या मुलाने विद्यापीठाकडून तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. हंगाम सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते!

आपल्या फुटबॉलशी ह्या खेळाचे नाते नावापुरतेच. लंबगोल चेंडू, शंभर यार्डांचे मैदान, अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राणे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक. दूरवर धावत जाऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवून तो झेलतो तो रिसीव्हर. स्मिथ रिसीव्हर. ह्या जागेचे दुःख असे, की तिथल्या माणसाचे नशीब दुसऱ्याच्या हातात असते. साठ मिनिटांच्या खेळात त्याच्याकडे चेंडू येणार फार तर पाच-दहा वेळा. बाकीचा वेळ तो नुसता धावतो, आणि लाखभर डोळे त्याच्याकडे लागलेले असतात.

लाखभर हा शब्द मी लेखकाच्या सवयीने वापरलेला नाही. ओहायो स्टेटचे मैदान १९२२ साली बांधलेले, घोड्याच्या नालेच्या आकाराचे. त्यात खरोखरच एक लाखाहून अधिक माणसे बसतात. कोलंबसला ह्या खेळाचा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे शहराचे सगळे प्रेम विद्यापीठाच्या पोरांवर. सामन्याच्या शनिवारी गावात जत्रेचे वातावरण असते.

आता जत्रेच्या आधीच देव नवसाला पावल्याची आवई कशी उठते? त्याची एक पद्धतशीर व्यवस्था आहे. अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांच्या शाळकरी खेळाडूंना जाणकार मंडळी तारे देतात. तीन तारे बरा, चार तारे उत्तम, पाच तारे म्हणजे विरळा. मग देशभराची क्रमवारी लागते. मायामीच्या परिसरात वाढलेला सव्वासहा फुटी स्मिथ २०२४ साली दाखल होणाऱ्या मुलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. जानेवारी ते ऑगस्ट हे महिने ह्या खेळात कोरडे. सामने नाहीत, पण वर्तमानपत्रांची पाने आणि वाहिन्यांचे तास तर भरायचे असतात. जे घडलेले नाही त्याविषयी लिहायला जागा भरपूर. मग सरावात घेतलेल्या एखाद्या झेलाची बातमी होते, बातमीची आख्यायिका होते.

त्यात पैसा आला. पूर्वी ह्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीखेरीज दमडी घेता येत नसे. १ जुलै २०२१ पासून आपले नाव आणि छबी वापरू देण्याचा मोबदला घेण्याची मुभा त्यांना मिळाली. २०२५ च्या जुलैपासून तर विद्यापीठेच त्यांना थेट पैसे देऊ लागली. अन्याय दूर झाला हे चांगलेच. मैदाने त्यांच्या जिवावर भरत होती आणि त्यांचे खिसे रिकामे होते. पण त्याबरोबर भविष्याला बाजारभाव आला. व्यावसायिक संघांचा नियम असा, की शाळा सोडल्यावर तीन वर्षे पुरी झाल्याखेरीज मुलाला घेता येत नाही. म्हणजे ही तीन वर्षांची मुदत ठेव. आणि तिच्यावरच्या व्याजाचे आकडे सारे गाव आधीच मांडून बसलेले!

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला अशा वेळी जुनी खाती आठवतात. नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका गावी मी शाखाधिकारी होतो. गळीत हंगामाच्या आधी मुकादम बीडकडच्या ऊसतोड मजुरांना उचल देत. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे ठरलेली रक्कम, हातात, रोख. मग पाच-सहा महिने ती फेडत ऊस तोडायचा. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. एकदा एका मजुराला मी विचारले, "एवढे पैसे आले होते ना तुझ्याकडे?" तो म्हणाला, "सायेब, पैसं दिवाळीतच सरलं. आता नुसता ऊस ऱ्हायलाय."

कोलंबसच्या त्या किराणा दुकानात रांगेत उभा असताना मला त्या मजुराचे वाक्य आठवले. हंगामापूर्वीचे कौतुक हीसुद्धा उचलच असते. फरक इतकाच, की मजुराला निदान नोटा मोजून मिळत. कौतुकाची उचल लोक एकमेकांत वाटून घेतात. शेजारी, मास्तर, पत्रकार, नातेवाईक, सगळे त्या आनंदाचा घास आधीच खाऊन टाकतात. खाते मात्र मुलाच्या नावावर असते आणि ऊस त्याने एकट्याने तोडायचा असतो.

सगळ्यांना तो तोडता येत नाही. २०१२ साली डोरियल ग्रीन-बेकम हा असाच एक रिसीव्हर देशाच्या यादीत अव्वल होता. त्याने आपल्याच राज्याचे, मिझुरीचे विद्यापीठ निवडले. दोन हंगाम खेळला, मैदानाबाहेर वादात सापडला आणि २०१४ साली संघातून काढला गेला. पुढे व्यावसायिक संघांतून दोन वर्षे, आणि मग त्याचे नाव दिसेनासे झाले. दोष सगळा उचलीचा, असे मी म्हणणार नाही. माणसाचा स्वतःचा वाटा असतोच. पण सोळाव्या वर्षी ज्याला जग आपलेच आहे असे सांगितले, त्याला एकविसाव्या वर्षी जगाचे नियम सांगणे अवघड असते.

आणि अमेरिकेपर्यंत तरी कशाला जायचे? २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडे ह्या पंधरा वर्षांच्या मुलाने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा. कॅमेरे घरापर्यंत आले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे धावा आटल्या. तेव्हा, २०१७ साली, त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती केली. मी आयुष्यात शेकडो कर्जदार पाहिले. घेतलेले परत करायला आपणहून चालत आलेला माणूस क्वचित पाहिला. त्या बातमीने माझ्या पोटात कालवले. हजार धावा केलेल्या पोराच्या घरी कसले ओझे उतरले असेल त्या दिवशी!

आता घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझा मुलगा दहावीला होता तेव्हा त्याच्या गणिताच्या सरांनी मला रस्त्यात थांबवून सांगितले, "साहेब, हा बोर्डात येणार." झाले! ते वाक्य मी शाखेत नेले. शाखेतून ते विभागीय कार्यालयात गेले. कॉलनीतल्या बायका त्याच्या आईला आधीच हळदीकुंकवात मान देऊ लागल्या. निकालाच्या आदल्या दिवशी मी मिठाईच्या दुकानात पाच किलो पेढ्यांची आगाऊ रक्कम भरून आलो. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ८९ टक्के. ज्या गुणांना कोणत्याही घरात औक्षण झाले असते, त्या गुणांनी आमच्या घरात सुतक पडल्यासारखे झाले. फोन वाजत होता आणि उचलायला कोणी उठत नव्हते. दुपारी मुलगा खोलीतून बाहेर आला आणि त्याने एवढेच विचारले, "बाबा, पेढ्यांचे पैसे परत मिळतील का?"

पुढे त्याचे सगळे नीट झाले. इंजिनियर झाला, इथे आला, घर केले. त्या दिवसाविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. वीस वर्षे मी ते खाते उघडे ठेवून बसलो होतो.

३१ ऑगस्ट २०२४. हंगामातला पहिला सामना, ॲक्रनविरुद्ध. आम्ही बापलेक टीव्हीसमोर बसलो. सुरुवातीलाच स्मिथकडे चेंडू आला आणि त्याच्या हातून निसटला. मैदानावरून एक उसासा उठला. मी इकडे नकळत म्हणालो, "गेलं सगळं!" मुलगा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "एकच चेंडू सुटलाय, बाबा. दुसरा टाकतील."

त्यांनी टाकला, आणि टाकतच राहिले. त्या सामन्यात स्मिथने सहा झेल घेतले, ९२ यार्ड मिळवले आणि दोनदा चेंडू अंतिम रेषेपार नेला. ओहायो स्टेटने सामना ५२-६ असा जिंकला.

पुढची कथा आता सर्वांना ठाऊक आहे. हंगामाअखेर त्याच्या नावावर ७६ झेल, १३१५ यार्ड आणि १५ टचडाऊन होते. ह्याच विद्यापीठात क्रिस कार्टरने १९८४ साली पहिल्या वर्षी केलेले विक्रम त्याने मागे टाकले. पण मला त्याच्या आकड्यांपेक्षा दोन सामने जास्त आठवतात. १० जानेवारी २०२५ रोजी उपांत्य फेरीत टेक्सासने त्याला असा कोंडला, की अख्ख्या सामन्यात त्याला एक झेल आणि तीन यार्ड मिळाले. तरी तो शेवटपर्यंत धावत होता. संघ जिंकला. दहा दिवसांनी, अटलांटाला नोत्र दामविरुद्ध अंतिम सामना. शेवटची काही मिनिटे, आघाडी आठ गुणांवर आलेली, तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने सारे पणाला लावून चेंडू दूर फेकला, तो स्मिथकडे. ५६ यार्ड! ३४-२३ असे अजिंक्यपद आले. दहा दिवसांपूर्वी ज्याच्या वाट्याला तीन यार्ड आले, त्याच्यावर त्यांनी तो चेंडू सोपवला.

ह्याला मी पत म्हणतो. पत आणि कौतुक ह्यांत बँकेच्या भाषेत मोठा फरक आहे. कौतुक प्रकल्प अहवालावर मिळते, पत व्यवहारावर. ओहायो स्टेटची एक रीत मला फार आवडली. नव्या खेळाडूच्या शिरस्त्राणावर मधोमध एक काळी पट्टी चिकटवलेली असते. सरावातल्या कामाने तो संघात बसण्यालायक ठरला, की सगळ्यांसमोर ती काढतात. पाच तारे असोत की दोन, पट्टी सर्वांना. स्मिथची पट्टी वसंतातल्या सरावातच निघाली. बाहेर गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते तेव्हा आत कोणीतरी रोजच्या रोज त्याचे काम तपासत होते. तो तरला त्यात त्याची कर्तबगारी मोठी आहे. पण ह्या तपासणीचाही वाटा असावा असे मला वाटते.

आपण आईबाप काय करतो? पट्टी चिकटवण्याआधीच सत्काराचा मांडव घालतो. मुलाला शाबासकी देऊ नये असे माझे म्हणणे नाही. आमच्या पिढीला वडिलांची शाबासकी मिळाली नाही आणि ती उणीव आम्ही मुलांवर दुप्पट कौतुकाने भरून काढली. शाबासकी झालेल्या कामाची असावी. न झालेल्या कामाची दिली तर ते कर्ज होते, आणि मुले फार प्रामाणिक कर्जदार असतात. ती फेडायला बसतात. फेडता आले नाही तर स्वतःलाच बुडीत ठरवतात.

मी परतण्याच्या आदल्या रविवारी ते कोपऱ्यावरचे गृहस्थ आमच्याकडे आले होते. माझी आठ वर्षांची नात पोहण्याच्या शर्यतीत दुसरी आली होती. पदक गळ्यात घालूनच ती घरभर हिंडत होती. गृहस्थांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर थोपटले आणि म्हणाले, "ऑलिंपिकला जाणार ही पोर, लिहून ठेवा!"

माझ्या तोंडावर 'नक्कीच!' आले होते. तेवढ्यात मुलगा हसत म्हणाला, "सध्या ती तिसरीला जाते." मग तिच्याकडे वळून त्याने विचारले, "परवा वळताना पाय नीट लागला होता ना भिंतीला? तो छान जमला तुला."

नात खूष होऊन पळाली. मुलाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांपूर्वीचे ते पेढ्यांचे पैसे, मला वाटते, त्या दिवशी परत मिळाले.