सहा हजार डॉलरचा फुकट अर्ज

अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्या एका सैनिकाचं अपंगत्वाचं रेटिंग ३० टक्के आहे असं धरू. त्याच्यावर अवलंबून असलेलं कुणी नाही. २०२५च्या दरांनुसार त्याला महिन्याला ५३७.४२ डॉलर भरपाई मिळते. पाठीचं दुखणं, कानात सतत वाजणारी शिट्टी, झोपू न देणारी स्वप्नं यांची कागदोपत्री नीट नोंद झाली आणि रेटिंग ७० टक्क्यांवर गेलं, तर हीच रक्कम १,७५९.१९ डॉलर होते. म्हणजे दरमहा १,२२१.७७ डॉलरची वाढ, तीही करमुक्त. मग ज्या कंपनीने या कामी ‘मार्गदर्शन’ केलं तिचं बिल येतं. मासिक वाढीच्या पाचपट घेण्याचा करार या धंद्यात नेहमीचा आहे. हिशेब होतो ६,१०८.८५ डॉलर.

हेच काम तिथे फुकट होतं. ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’, ‘अमेरिकन लीजन’, ‘व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स’ या जुन्या संघटनांचे सर्व्हिस ऑफिसर आणि अनेक काउंटींनी (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी) नेमलेले अधिकारी माजी सैनिकांचे दावे तयार करून देतात आणि त्याचा एक सेंटही घेत नाहीत. तरीही पैसे मोजणारे हजारोंनी आहेत. या कंपन्यांना अमेरिकेत ‘क्लेम शार्क’ म्हणतात. २००८च्या अखेरीस मंजूर झालेल्या ‘मावनी’ योजनेतून तात्पुरत्या व्हिसावर आलेले अनेक भारतीय तरुणही अमेरिकी सैन्यात भरती झाले होते, त्यामुळे हा विषय काही मराठी घरांनाही अगदीच परका नसावा. त्याबद्दलचे समज मात्र बरेच उलटेसुलटे आहेत.

‘उघडपणे जाहिरात करतात, म्हणजे परवाना असणारच’

परवाना असतो, पण या कंपन्यांकडे बहुधा नसतो. माजी सैनिकाचा दावा तयार करायचा, मांडायचा किंवा लढवायचा तर व्हेटरन्स अफेअर्स खात्याची, म्हणजे ‘व्हीए’ची मान्यता लागते. ती सर्व्हिस ऑफिसरला मिळते, वकिलाला मिळते आणि परीक्षा देऊन आलेल्या ‘क्लेम्स एजंट’ला मिळते. अशी मान्यता असलेल्यांनाही दाव्यावर पहिला निर्णय येईपर्यंत फी घेता येत नाही. पहिला अर्ज भरण्याचे पैसे घ्यायला कायद्याने कुणालाच मुभा नाही.

मग धंदा चालतो कसा? त्याचं उत्तर जुन्या इतिहासात आहे. यादवी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पेन्शनवर दलालांनी इतका ताव मारला, की १८६२मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यांच्या फीवर मर्यादा घातली आणि १८६४मध्ये ती दहा डॉलर केली. अधूनमधून फेरफार झाले, पण दहा डॉलरची ही मर्यादा शतकाहून जास्त टिकली. ती मोडणाऱ्याला कैद होऊ शकत होती. १९८५मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दहा डॉलरवर कोणता वकील उभा राहणार, असा सैनिकांच्या बाजूचा रास्त सवाल होता. न्यायालयाने तरीही मर्यादा कायम ठेवली. ही प्रक्रिया अनौपचारिक आणि सैनिकाच्या बाजूने झुकलेली असावी, तिला कोर्टकचेरीचं रूप येऊ नये, हा काँग्रेसचा हेतू रास्त आहे असं बहुमताचं मत पडलं. मर्यादा उठली ती १९८८च्या कायद्याने. त्याच कायद्याने व्हीएच्या निर्णयांवर दाद मागायला वेगळं न्यायालयही दिलं.

खरी फट पडली २००६मध्ये. वकिलांना खात्यातल्या अपिलांमध्ये लवकर येऊ द्यावं म्हणून कायदा सुधारला आणि त्या सुधारणेत बेकायदा फी घेण्याबद्दलची फौजदारी शिक्षा गळून पडली. मनाई राहिली, शिक्षा गेली. मान्यताप्राप्त वकील चुकला तर व्हीए त्याची मान्यता काढून घेऊ शकते. ज्याने मान्यता मागितलीच नाही त्याचं काय काढून घेणार? खातं फार तर इशाऱ्याचं पत्र पाठवतं.

शिक्षा परत आणणारं ‘गार्ड व्हीए बेनिफिट्स’ विधेयक काँग्रेसपुढे २०२३मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये आलं. उलट बाजूने, अशा कंपन्यांना मान्यता देऊन फीवर मर्यादा घालावी अशीही विधेयकं आली. राज्यांतही दुफळीच आहे. न्यू जर्सीने २०२३मध्ये अशी फी घेण्यावर बंदी घातली, तर लुइझियानाने २०२४मध्ये साडेबारा हजार डॉलरची कमाल मर्यादा ठरवून धंद्याला वाट करून दिली. न्यू जर्सीच्या कायद्याला एका कंपनीने भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आव्हान दिलं, आणि २०२५मध्ये अपील न्यायालयाने तो मुद्दा तपासायला हवा म्हणून प्रकरण खाली परत पाठवलं. आपण सल्ला देतो आणि सल्ला म्हणजे भाषण, असा तो युक्तिवाद.

‘आम्ही अर्ज भरत नाही, फक्त शिकवतो’ हे वाक्यही याच जातीचं. बऱ्याच ठिकाणी व्यवस्था अशी असते, की मजकूर कंपनी लिहिते, वैद्यकीय फॉर्म तीच जुळवून देते आणि ‘सबमिट’चं बटण तेवढं सैनिक दाबतो. त्यामुळे खात्याच्या नोंदीत कंपनीचं नाव कुठेच येत नाही.

‘फुकट ते कुचकामी’

आपल्याकडे फुकट ते पौष्टिक म्हणतात. अमेरिकेत समज नेमका उलटा, आणि कंपन्यांच्या जाहिराती त्यावरच उभ्या आहेत. सर्व्हिस ऑफिसर व्हीएचं प्रशिक्षण आणि मान्यता घेऊन काम करतो. सैनिकाने सही केलेलं अधिकारपत्र त्याच्याकडे असतं, म्हणून त्याला दाव्याची फाइल पाहता येते आणि खात्याशी अधिकृतपणे बोलता येतं. मान्यता नसलेल्या कंपनीला हे करता येत नाही. म्हणून काही कंपन्या सैनिकाचं लॉगिन मागून घेतात, किंवा त्याची जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर वापरून व्हीएच्या स्वयंचलित फोनसेवेवर रक्कम वाढली का ते तपासत राहतात. निकालाचं पत्र सैनिकाच्या टपालपेटीत पडण्याआधी बिल येतं ते यामुळे.

तरी फुकट मदतीचं गुणगान गाताना एक मान्य करायला हवं, ती सगळीकडे सारखी मिळत नाही. एखाद्या काउंटीत एकाच अधिकाऱ्यावर सगळा भार असतो, भेटीसाठी आठवडे थांबावं लागतं, फोन उचलला जात नाही. कंपनीचा माणूस मात्र त्याच संध्याकाळी फोन करतो, गोड बोलतो आणि पुढचं सगळं आमच्यावर सोडा म्हणतो. सर्व्हिस ऑफिसर पटला नाही तर बदलता येतो आणि त्यालाही पैसे पडत नाहीत, हे त्या क्षणी सैनिकाला सांगणारं कुणी नसतं.

‘वकील काय, कंपनी काय, दोघेही घेतातच’

घेतात, पण कशावर घेतात ते पाहा. मान्यताप्राप्त वकील पहिला निर्णय विरुद्ध गेल्यावर किंवा कमी आल्यावर येतो. त्याची फी सहसा थकबाकीवर, म्हणजे मागच्या तारखेपासून एकरकमी मिळालेल्या पैशावर असते. थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते आणि एकतृतीयांशाहून जास्त असेल तर गैरवाजवी. तंटा झाला तर व्हीएचं विधी कार्यालय ती तपासून कमी करू शकतं. वरच्या उदाहरणातल्या सैनिकाला वर्षभराची थकबाकी मिळाली तर ती साधारण १४,६६१ डॉलर होईल आणि वकिलाचे २० टक्के सुमारे २,९३२. थकबाकी बऱ्याच वर्षांची असेल तर वकील कंपनीपेक्षा महाग पडेल, हेही खरंच. पण तो अपिलात उभा राहतो आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जागा असते.

कंपनीची पाचपट येते पुढच्या वाढीवर. थकबाकी जेमतेम मिळाली तरी आकडा तोच राहतो. काँग्रेसच्या सुनावण्यांत आणि वृत्तपत्रांत आलेल्या तक्रारींमध्ये सगळ्यात संतापजनक प्रकार याच कलमातून निघाले आहेत. करार केल्यावर सैनिकाने स्वतः किंवा दुसऱ्याच्या मदतीने वेगळ्या दुखण्याचा दावा मंजूर करून घेतला, तरी त्या वाढीचंही बिल आलं. काहींच्या मागे वसुलीवाले लागले. माजी सैनिकाची भरपाई कायद्याने दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही, म्हणून कंपन्या व्हीएकडून पैसे वळवत नाहीत, बँक खात्यातून हप्ते कापण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवतात.

‘शंभर टक्के मिळवून देतो’

असं आश्वासन कुणालाच देता येत नाही, कारण रेटिंग व्हीएचा अधिकारी ठरवतो. शिवाय या टक्केवाऱ्यांची बेरीज साधी नाही. ५० टक्के आणि ३० टक्के मिळून ८० होत नाहीत. पहिल्या ५०नंतर माणूस ‘५० टक्के धडधाकट’ उरला असं धरतात, त्या उरलेल्याचे ३० टक्के म्हणजे १५, एकूण ६५, आणि जवळच्या दहाच्या पटीत आणल्यावर ७०. वर जावं तसं दर पायरीला जास्त दुखणी सिद्ध करावी लागतात. त्यामुळे दहा किरकोळ तक्रारी जोडून शंभर गाठून देण्याचा वायदा ऐकला तर सावध व्हावं. वाढीव रेटिंग मागितलं की जुन्या दुखण्याचीही पुन्हा तपासणी होऊ शकते आणि आहे ते रेटिंग उतरूही शकतं.

खासगी डॉक्टरच्या पत्राचंही असंच. लष्करी सेवा आणि आजचा आजार यांचा संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी आहे, एवढंच पत्रात यावं लागतं. कारण पुरावा दोन्हीकडे सारखा असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा असं कायदा सांगतो. पण ज्याने सेवाकाळातले कागद वाचले नाहीत आणि रुग्ण पाहिला नाही, त्याच्या छापील नमुन्यातल्या पत्राला फारसं वजन मिळत नाही. लष्करी वैद्यकीय कागद मिळवायला मदत करणं ही व्हीएचीच जबाबदारी आहे, त्यासाठी कंपनीला पैसे द्यायची गरज नाही. ‘आमच्याकडून गेलं की लवकर होतं’ हेही खोटं. रांग ओलांडण्याची मुभा असाध्य आजारी, बेघर, अत्यंत आर्थिक अडचणीत असलेले, ८५ किंवा त्याहून जास्त वयाचे, माजी युद्धकैदी आणि ‘पर्पल हार्ट’ किंवा ‘मेडल ऑफ ऑनर’ पदक मिळालेले, अशा मोजक्यांनाच आहे.

मुदतीची भीती घालणं ही आणखी एक युक्ती. १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘पॅक्ट’ कायदा झाला. लष्करी तळांवरच्या कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराने किंवा इतर विषारी द्रव्यांनी झालेले अनेक आजार सेवेमुळेच झाले असं त्यानंतर गृहीत धरलं जाऊ लागलं. वर्षभराच्या आत अर्ज केला तर भरपाई कायद्याच्या तारखेपासून मिळणार होती. ती एक मुदत संपली. दावा करायला मात्र आजही मुदत नाही.

‘फसले ते भोळे’

हा समज कंपन्यांचा नाही, आपला आहे. पैसे देणाऱ्यांत अधिकारी होते, शिकलेले होते, स्वतःचे दावे आधी नाकारले गेलेले होते. कंपनीवर खूश असलेलेही बरेच आहेत. वर्षानुवर्षं अडकलेलं काम झालं, सहा हजार गेले तर गेले, असं ते सांगतात. त्यांना वेड्यात काढण्यात अर्थ नाही. तपासणीच्या खोलीत वीस मिनिटांत स्वतःचं सगळ्यात वाईट वर्ष अनोळखी डॉक्टरला सांगायचं असतं, आणि ते टाळायला माणूस पैसे मोजतो. माझ्या मते दोष मोजणाऱ्याचा नाही. कायद्यातली शिक्षा काढून मनाई तेवढी ठेवणाऱ्यांचा आहे, आणि फुकट मदत पुरेशी न पोसणाऱ्यांचा.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे. इथे अपंगत्वाची टक्केवारी लष्कराचं वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणात मागता येते. फुकट मदतीची पहिली पायरी मात्र महाराष्ट्रातही आहेच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

अमेरिकेत नातेवाईक किंवा मित्र सैन्यातून बाहेर पडत असेल तर त्याला एवढं कळवा. सेवा संपण्याच्या १८० ते ९० दिवस आधीच दावा दाखल करता येतो. बाहेर पडून झालं असेल तर आधी ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे दावा करण्याचा इरादा, नोंदवावा, त्याने दाव्याची तारीख वर्षभर राखली जाते आणि घाईने कुणाच्या करारावर सही करावी लागत नाही. मदतीला येणाऱ्याचं नाव व्हीएच्या विधी कार्यालयाच्या मान्यताप्राप्त यादीत शोधावं. नाव नसेल तर लॉगिन देऊ नये. आधीच सही केली असेल तर करार घेऊन सर्व्हिस ऑफिसरकडे जावं, आणि निकाल विरुद्ध गेला असेल तर वर्षाच्या आत पुन्हा दाद मागावी म्हणजे मूळ तारीख टिकते.