तीन सिलिंडरांचा श्वास

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती 800ची किल्ली दिली. 2014मध्ये उत्पादन थांबेपर्यंत या गाडीनं असंख्य कुटुंबांना पहिल्यांदा स्वतःच्या चारचाकीत बसवलं. तिचं 796 सीसीचं, तीन सिलिंडरांचं इंजिन सुटसुटीत आहे. बॉनेट उघडलं की कुठली नळी कुठे जाते ते डोळ्यांनी शोधता येतं. घरी गाडी खोलायला शिकायचं असेल, तर जुन्या कार्बोरेटरवाल्या 800चा इनटेक मॅनिफोल्ड उतरवून पाहावा.

मॅनिफोल्ड हा ॲल्युमिनियमचा ओतीव भाग. कार्बोरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण तो तिन्ही सिलिंडरांना वाटून देतो. इंजिन मिनिटाला 900 फेऱ्यांवर आयडलिंग करत असतं तेव्हासुद्धा सेकंदाला बावीसेक वेळा कुठला ना कुठला सिलिंडर या वाटेनं मिश्रण ओढून घेतो. 1 ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. मॅनिफोल्डचं पॅकिंग कुजलं की बाहेरची हवा आत शिरते आणि हे गणित बिघडतं. आयडलिंग वरखाली होतं, गाडी मिसिंग मारते. अशा वेळी कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी फरक पडत नाही, कारण दोष त्याच्या पुढे असतो.

काम थंड इंजिनावरच करावं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. या मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतो, म्हणून रेडिएटर रिकामा करायचा. निघालेला कूलंट झाकून ठेवावा. त्याच्या गोडसर चवीला भुलून कुत्री-मांजरं तो पितात आणि जिवाला मुकतात. मग एअर फिल्टर, ॲक्सिलरेटरची केबल, पेट्रोलचा पाइप. पाइप काढताना थोडं पेट्रोल सांडतंच, तेव्हा जवळपास विडी-काडी नको. उरतात त्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर टाकावा आणि मोबाइलवर फोटो काढावा. यातली एक नळी डिस्ट्रिब्युटरला जाते. ती चुकीच्या जागी बसली तर ठिणगीची वेळच चुकते.

आता नट. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते जाम झालेले असतात. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावं. उघड्या तोंडाचा पाना इथे घसरतो आणि नटाचे कोपरे झिजतात, म्हणून बॉक्स पाना घ्यावा. कडेचे नट आधी, मधले शेवटी, आणि सगळे थोडे थोडे सैल करायचे. नटाबरोबर स्टडच फिरू लागला तर जोर लावू नये. ॲल्युमिनियममधले आटे गेले की काम वर्कशॉपमध्येच जातं. सगळे नट निघूनही मॅनिफोल्ड हलत नसेल तर मध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. रबरी हातोडीचे हलके ठोके पुरतात.

मॅनिफोल्ड निघताच हेडच्या उघड्या तोंडांत स्वच्छ फडक्याचे बोळे घालायचे. एक वॉशर आत पडला तर तो थेट व्हॉल्व्हपाशी जातो. मग मॅनिफोल्ड उजेडात धरून पाहावा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेल्या गाडीत पाण्याच्या भोकाभोवती पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसतात. ॲल्युमिनियम तिथे खाल्लं गेलेलं असतं, आणि पॅकिंग पुन्हा पुन्हा का जातं याचं उत्तर तिथेच मिळतं.

जुनं पॅकिंग खरवडायला अनेकजण हॅकसॉ ब्लेड घेतात. त्यानं मऊ धातूवर ओरखडे उठतात आणि नव्या पॅकिंगलाही हवा चुकवून जाते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी, वेळ लागला तरी चालेल. मग सरळ पट्टी लावून पृष्ठभाग सपाट आहे ना ते बघावं, नवं पॅकिंग बसवावं आणि बोळे आठवणीनं काढावेत. नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्यानं, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकेच आवळावेत.

या कामाला ताकद फारशी लागत नाही. क्रम, स्वच्छता आणि धीर लागतो. आपली गाडी हवा नेमकी कुठून घेते हे ज्यानं स्वतः उघडून पाहिलंय, तो मेकॅनिककडे गेला तरी नेमकी तक्रार सांगू शकतो आणि नको ते पार्ट बदलून घेत नाही. जुनी गाडी चालती ठेवायची असेल, तर मालकाला एवढी जाण असायलाच हवी.