सुईच्या टोकावरचं घराणं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत निवृत्ती चौकाच्या आसपास अजून काही जुनी घरं टिकून आहेत. अशा घराचा माळा रिकामा करायची वेळ येते, तेव्हा तांब्याच्या घागरी आणि जुन्या ट्रंकांच्या मागून कधी कधी झाकणाची एक पेटी निघते: एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर. धूळ पुसून वायर जोडली की तबकडी फिरते. आवाजाचं बटण वाढवलं की स्पीकरमधून गुरगुरही येते. गाणं मात्र येत नाही. घरातले म्हणतात, मशीन गेलं. बहुतेक वेळा मशीन गेलेलं नसतं. गेलेलं असतं ते आर्मच्या टोकाला बसवलेलं, बोटाच्या पेराएवढं कार्ट्रिज.

कोल्हापुरात या पेराएवढ्या वस्तूचं मोल मला जरा जास्तच वाटतं. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या स्वतःच्या आवाजाची एकही रेकॉर्ड नाही. त्यांची गायकी उरली ती शिष्यांच्या गळ्यात, आणि शिष्यांच्या रेकॉर्डमध्ये. केसरबाई केरकर लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी शिकले. केसरबाई आणि मन्सूर यांनी ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांवर गायलेला एकेक राग तीन-साडेतीन मिनिटांचा आहे. घरात ती रेकॉर्ड आहे, ती फिरवणारं मशीन आहे, आणि मधला दुवा मुका आहे, ही अवस्था मला सहन होत नाही.

या दुव्याचं काम एकच: खाचेत सुईला बसणाऱ्या हिसक्यांची वीज करणं. हे कसं होतं, यावरून कार्ट्रिजच्या जाती पडतात. घरगुती मशीनमध्ये सर्वाधिक सापडतात ती क्रिस्टल आणि सिरॅमिक. काही पदार्थ दाबले किंवा पिळले की त्यांतून वीज निघते, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवलं. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत रोशेल सॉल्ट हा क्षारही होता. मुळात तो फ्रान्समधल्या ला रोशेल गावातल्या औषधविक्रेत्याने काढलेला पोट साफ करण्याचा क्षार. त्याचीच पातळ पट्टी पुढे लाखो कार्ट्रिजमध्ये बसली. पण हा क्षार मोठा नाजूक. फार दमट हवेत तो पाणी ओढून विरघळू लागतो, फार कोरड्या हवेत स्वतःतलं पाणी गमावून भुसभुशीत होतो, आणि ५५ अंश सेल्सियसच्या आसपास कायमचा संपतो. रंकाळ्याकाठचा जुलै आणि पत्र्याखालच्या माळ्यावरचा मे, दोन्ही त्याच्या मुळावर उठलेले. बेरियम टायटनेटसारख्या सिरॅमिकला हवेची अशी बाधा होत नाही. म्हणून पुढे त्याने क्रिस्टलची जागा घेतली.

तिसरी जात चुंबकाची. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि तो तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतो. त्याचा आवाज अधिक स्वच्छ, पण वीज फार थोडी, पाचेक मिलिव्होल्ट. क्रिस्टल अर्धा-एक व्होल्ट सहज देतं. त्यामुळे फिएस्टाला चांगलं म्हणून महागडं चुंबकीय कार्ट्रिज बसवलं तर गाणं कुजबुजीएवढंच ऐकू येतं. त्याला वेगळा प्रीअँप्लिफायर लागतो. माझं स्पष्ट मत आहे की फिएस्टाचा मूळ स्वभाव बदलू नये. त्याला सिरॅमिकच द्यावं.

ओळख पटवायची सुरुवात डोळ्यांनी करावी. गुजरीतले सराफ खड्याला लावतात ते भिंग इथे उत्तम. अंगावर किंवा पाठीवर बारीक अक्षरात नाव-नंबर असतो: बीएसआर, अकोस, सोनोटोन, रॉनेट, फिलिप्सचा ‘जीपी’ क्रमांक, शूअरचा ‘एम’ने सुरू होणारा. बाजूला सुई उलटवायचा खटका असून त्यावर ‘७८’ आणि ‘एलपी’ लिहिलेलं असेल, तर ते क्रिस्टल किंवा सिरॅमिक धरायला हरकत नाही. मागच्या पिना मोजाव्यात. चार पिनांचं स्टिरिओ असेल तर पांढरी आणि निळी वायर डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. नंबर पुसला गेला असेल तर वायरी सोडवून मल्टिमीटर लावावा. काहीशे ते हजार-दीड हजार ओहम आले तर आत वेटोळं आहे. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर बहुधा क्रिस्टल-सिरॅमिक. तो बिघाड नव्हे, त्याची जातच तशी. मात्र मूव्हिंग कॉइलचा, म्हणजे चुंबकाऐवजी वेटोळंच हलणाऱ्या कार्ट्रिजचा, संशय असेल तर मीटर लावूच नये, त्यातली तार केसाहून बारीक असते.

आता जीव परत आणण्याचं काम. इथे पुष्कळ जण घाई करतात. कार्ट्रिज मुकं झालं म्हणजे आतली पट्टी मेलीच, असं नाही. सुईची हालचाल पट्टीपर्यंत पोचवतो तो रबराचा एक चिमुकला तुकडा. पन्नास-साठ वर्षांत तो दगडासारखा कडक होतो, नाहीतर डांबरासारखा पाघळतो. कवच अलगद उघडावं, कापसाच्या बोळ्याला जेमतेम स्पिरिट लावून जुनं रबर पुसावं, पट्टीला ते लागू देऊ नये, आणि सिलिकॉनच्या बारीक नळीचा काप तिथे बसवावा. पट्टी शाबूत असेल तर आवाज येतो, आणि भरून येतो. पट्टी ओलसर झाली असेल किंवा पांढरी भुकटी दिसत असेल, तर तिला वाचवायचा उपाय नाही. मग त्याच जागी नवं सिरॅमिक कार्ट्रिज घालावं. पुष्कळ कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. जुना ब्रॅकेट तेवढा सांभाळावा. तो हरवला असेल तर उद्यमनगरात तसा ब्रॅकेट करून देणारे हात आहेत. एक पथ्य कटाक्षाने पाळावं: पिनेवर थेट सोल्डरिंग करू नये. पिनेवरची क्लिप आधी काढावी, वायर तिला जोडावी, मग ती पिनेवर चढवावी.

सुईबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकून घेणार नाही. ७८च्या खाचेला टोकाची त्रिज्या साधारण ७० मायक्रॉन लागते, मोनो एलपीला २५, स्टिरिओला १८च्या आसपास. एलपीची सुई ७८वर लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ७८ची सुई एलपीवर टेकवणं म्हणजे एलपी मारणं. जुनं मोनो कार्ट्रिज स्टिरिओ रेकॉर्डवर लावणंही तितकंच वाईट, कारण त्याची सुई वर-खाली लवत नाही आणि खाचेची भिंत खरवडते. नीलमण्याची सुई थोड्याच तासांत झिजते, हिऱ्याची काहीशे तास टिकते. क्रिस्टल-सिरॅमिकचा भार पाच-सहा ग्रॅम, चुंबकीयचा दीड ते तीन. हे वजन काट्यावर तोलूनच ठरवावं, अंदाजाने नाही.

केसरबाईंची भैरवी १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीसोबत एक कार्ट्रिज आणि एक सुईही ठेवली आहे, आणि सुई कुठे टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची याची आकृती कव्हरवर कोरली आहे. ज्यांनी ती पाठवली, त्यांना ठाऊक होतं की नुसती रेकॉर्ड देऊन भागत नाही. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

तेव्हा माळ्यावरची पेटी भंगारात घालण्याआधी एवढं करा: कार्ट्रिज काढा, त्याच्यावरचा नंबर वहीत उतरवून ठेवा, ब्रॅकेट आणि स्क्रू एका डबीत घाला, आणि जाणकाराला दाखवा. सुई कुठली आहे हे कळेपर्यंत घरातली एकही जुनी रेकॉर्ड त्या मशीनवर लावू नका.